पावणं कुणाचं

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
१६ नोव्हेंबर १९८६

चि. सरूस,

तात्याचा आशीर्वाद आणि अक्काच्या दोन शिव्या. शिव्या बारशाला न आल्याबद्दल. बंडूच्या पोराची तू एकुलती एक आत्या, आणि तू तिकडं मुंबईत बश्यांमध्ये रक्त ढवळत बसलीस. शेवटी बाळाच्या कानात नाव अक्कानंच सांगितलं, आणि ते इतक्या मोठ्यानं की गल्लीला आधी कळलं, बाळाला नंतर. नृसिंह ठेवलं आहे.

बाकी सगळे खुशाल. एक अडचण मात्र आली आहे, ती तुझ्या विषयातली वाटते म्हणून लिहितो. आपल्या घरात एक माणूस आहे आणि तो कोण आहे हे आम्हाला माहीत नाही.

घाबरू नकोस, चोर नाही. साठीच्या पुढचा, नेहरू शर्ट, कापडी पिशवी, छत्री. बारशादिवशी समोरच्या फुटपाथवर उभा राहून आपल्या घराकडं बघत होता. माझ्या या थोरल्या बहिणीचा स्वभाव तुला ठाऊक आहे. दारातूनच ओरडली, "पावणं, उन्हात कशाला हुबा ऱ्हायलायसा? आत या की!" तो माणूस मागं वळून बघायला लागला, दुसऱ्याच कुणाला बोलावलं असेल म्हणून. तोवर अक्कानं हाताला धरून आत आणला, पायावर पाणी घातलं आणि पंगतीत बसवला. मी जिलबीवाल्याकडं गेलो होतो. बंडूला वाटलं सासुरवाडीकडचा कुणी असेल. सासुरवाडीला वाटलं आमच्याकडचा. त्यामुळं 'कुठलं पावणं?' हे एक वाक्य, जे आपल्याकडं कुत्र्यालासुद्धा विचारतात, ते त्याला कुणीच विचारलं नाही.

संध्याकाळी सगळे पांगले, हा राहिला. सकाळी पिशवी उचलली, तर अक्का म्हणाली, "च्या घेऊन जावा." चहा झाला. "आता जेवूनच जावा." जेवण झालं. "एवढ्या उन्हाचं कुठं?" ऊन उतरलं. "आता रातचं कुठं जातायसा?" हे रोज चाललं आहे. अक्का हे मनापासून म्हणत नाही गं, ती रीत आहे. पण पावणा रीतीला मान देतो आणि पिशवी खाली ठेवतो.

आता विचारायचं तोंड उरलेलं नाही. ज्याला आठवडाभर आपल्या पोराच्या दुपट्याजवळ बसवलं, त्याला 'तुम्ही कोण' कसं विचारणार? माझी उभी नोकरी जकात नाक्यावर गेली. गाडी अडवायची, कुठून आली, आत काय, हेच माझं काम. आणि माझ्याच घरात माल येऊन पडला आहे आणि मला पावती फाडता येत नाही. आडून आडून विचारून बघितलं. "तुमच्याकडं पाऊस कसा?" म्हटलं. "बरा झाला," म्हणाले. "घरची मंडळी?" "बरी हायत." पुढं काय विचारणार?

तू म्हणाली होतीस की शरीराला आपलं कोण आणि परकं कोण हे कसं कळतं, यावर तुझा अभ्यास आहे. तर कसं कळतं ते सविस्तर लिही.

तुझा,
तात्या

—

परळ, मुंबई
२१ नोव्हेंबर १९८६

ती. तात्या,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून वसतिगृहाच्या जिन्यात इतकी हसले की रेक्टरबाई बाहेर आल्या. तात्या, सरळ विचारा. तुम्ही आयुष्यभर ट्रकवाल्यांना दरडावलंत, एका म्हाताऱ्याला काय घाबरता?

पण विषय तुम्ही काढलात, आता ऐका. मला हे सांगायला कुणी मिळत नाही.

रक्तात बी नावाच्या पेशी असतात. त्यांच्या अंगावर अडकवायच्या हुकासारखे आकडे असतात आणि प्रत्येकीचा आकडा वेगळ्या आकाराचा. समजा धनुर्वाताचं विष शरीरात आलं. ज्या पेशीच्या आकड्यात ते बाहेरून नेमकं बसतं ती त्याला धरते. पण धरलं म्हणून लगेच आरडाओरडा करायची मुभा तिला नाही. ती त्याला गिळते, आत त्याचे तुकडे करते आणि एक तुकडा ताटलीत घालून दाराबाहेर धरते. ताटली आपल्या घरची बरं का. अक्कानं घरातल्या एकूण एक भांड्यावर 'इंगवले, शुक्रवार पेठ' कोरून घेतलंय ना, तसं प्रत्येक माणसाच्या पेशींच्या ताटलीवर त्याच्या घरचं नाव असतं.

मग येते मदतनीस पेशी, तिला टी म्हणतात. तिची गंमत अशी की तिनं तो परका अख्खा कधी बघितलेलाच नसतो. समोर आणून उभा केला तरी तिला तो दिसत नाही. तिला कळतो फक्त आतला तुकडा, तोही आपल्या घरच्या ताटलीत ठेवला तर. तुकडा ओळखीचा निघाला की ती बी पेशीला खूण करते: हाच तो, कर सुरू. खूण मिळाली की बी पेशी वाढते, एकीच्या कितीतरी होतात, आणि त्या प्रतिपिंडं सोडतात. ती जाऊन विषाला चिकटतात आणि त्याचा बंदोबस्त करतात. खूण मिळालीच नाही तर धरणारी पेशी हळूहळू गप्प पडते.

म्हणजे एकीनं बाहेरून ओळखायचं, दुसरीनं आतून. दोघींचं जुळलं तरच कारवाई. कुणा एकीच्या डोक्यात राख गेली म्हणून घरात दंगा नको, यासाठी ही सोय. मी हे रोज काचेच्या बशीत बघते आणि रोज मला नवल वाटतं.

बारशाला आले नाही कारण पेशींना त्याच आठवड्यात मूड आला. नृसिंहाला माझ्याकडून एक पापा. आणि पाहुण्यांना विचारून टाका.

तुमची,
सरू

—

कोल्हापूर
२७ नोव्हेंबर १९८६

चि. सरू,

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. पावण्यालाही, कारण ते समोरच बसले होते. सुरुवातीचा आणि शेवटचा त्यांच्याबद्दलचा भाग गाळला. बाकीचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "पोरगी हुशार हाय." ताटलीचा भाग आला तेव्हा हातातलं ताट उलटं करून नाव वाचलं आणि पुसून परत ठेवलं.

आता कारवाईचं ऐक. तुझी पद्धत मी घराला लागू केली आहे. पावण्याला धरलं अक्कानं, तेव्हा बी पेशी अक्का. तिला हे पटलेलं नाही पण पद तिच्याकडंच आहे. प्रतिपिंड म्हणून तालमीतल्या सयाजीला नेमलं. तो सकाळपासून कट्ट्यावर बसतो. त्याला सांगून ठेवलं आहे की माझी सूचना मिळाली की पावण्याला पिशवी-छत्रीसकट उचलायचं आणि थेट स्टँडवर नेऊन एस.टी.त बसवायचं. इजा करायची नाही. सयाजी म्हणाला, "कुठल्या एस.टी.त?" हे मलाही सुचलं नव्हतं. सध्या पहिली लागेल ती, असं ठरलं आहे.

मदतनीस पेशी तू. कारण तू त्यांना बघितलेलं नाहीस. तुझ्याइतकं कुणीच त्यांना न बघितलेलं नाही.

त्यासाठी पावण्याचे तुकडे पाठवत आहे. बंडूचा मित्र महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला येतो आहे, त्याच्याकडं देतो. एक अर्धी सुपारी, एक पेन्सिलीचं टोक, आणि सदऱ्याचं एक बटण. बटण अक्कानं धुताना काढलं, दोऱ्यासकट. तिला वाईट वाटलं, पण शास्त्र म्हटलं की करावं लागतं. हे सगळं आपल्या घरच्या ताटलीत ठेवून वर फडकं बांधलं आहे. नाव बघून घे. दुसऱ्याच्या ताटलीत चालत नाही हे मी विसरलेलो नाही.

इथं तर्क असे आहेत. बंडू म्हणतो, सरकारी माणूस आहे. सयाजी म्हणतो, तालमी-तालमींच्या फुटबॉलच्या फायनलआधी पलीकडच्या तालमीनं सोडलेला हेर. अक्का काही म्हणत नाही, ती वाढते. बाळ रडायला लागलं की फक्त त्यांच्याच मांडीवर गप्प होतं. परवा स्टुडिओत जाऊन फोटो काढला. फोटोवाल्यानं वयाकडं बघून पावण्याला मधल्या खुर्चीवर बसवलं आणि बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. आता भिंतीवर आमच्या घरचा फोटो आहे आणि मध्ये बसलेला माणूस कोण हे आम्हाला माहीत नाही.

प्रतिपिंडाचीही एक तक्रार आहे. सयाजीचा पोलीस भरतीचा अर्ज पावण्यानं तपासून दिला, त्यातल्या चुका काढल्या. आता तो कट्ट्यावर बसून त्यांच्याकडून इंग्रजी शिकतो. पण हुकूम मिळाला तर उचलीन म्हणतो, 'गुड मॉर्निंग' म्हणून उचलीन.

तुकडे बघ आणि खूण कर. तुझी खूण आली की पावणं एस.टी.त.

तुझा,
तात्या

—

परळ
२ डिसेंबर १९८६

ती. तात्या,

ताटली पोचली. सुपारी, पेन्सिल, बटण, सगळं मिळालं.

काहीही करू नका. सयाजीला कट्ट्यावरून उठवा. शास्त्र असं आहे की तुकडा ओळखायला वेळ लागतो. बशीत आम्हीसुद्धा घाई करत नाही. मी अजून तपासते आहे. खूण नसताना पेशीनं गप्प बसायचं असतं हे मी लिहिलंच होतं, ते पुन्हा वाचा. अक्कालाही वाचून दाखवा.

पाहुण्यांना उचलणं वगैरे नको. वय झालेलं माणूस आहे. त्यांना तांबडा रस्सा वाढू नका, पित्तानं डोकं उठतं. पांढरा चालतो. आणि बटण काढलं आहे तर दुसरं लावू नका, तसंच राहू द्या.

घाईत आहे. अक्काला नमस्कार.

सरू

—

कोल्हापूर
८ डिसेंबर १९८६

चि. सरोजिनीस,

आज सरू लिहीत नाही, कारण आज मी नाक्यावरून लिहितो आहे असं समज.

परवा सहा तारखेला पावणं पहाटेच उठले. आंघोळ केली, पांढरे स्वच्छ कपडे घातले. एका बटणाच्या जागी टाचणी लावली. अक्काकडं फुलं मागितली. अक्काला वाटलं देवाला असतील, तिनं परसातली शेवंती ओंजळभर तोडून दिली. पावण्यानं बसून त्याचा हार केला आणि बाहेर पडले. मी सयाजीला मागं धाडलं. तासाभरानं तो आला आणि पायरीवर बसला.

"कुठं गेलतं पावणं?"

"बिंदू चौकात. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घातला. लई गर्दी हाय तितं."

"मग?"

"मग काय. पावण्यानं मला बघितलं. हात केला. मग मी बी हात जोडलं."

खोटं कशाला लिहू, पावणं कुणातले ते मला तेव्हा कळलं. महिना होत आला, एकाच पंगतीला बसतो आहे. पहिला विचार आला तो लोकांचा. दुसरा विचारही लोकांचाच आला. तिसऱ्यांदा मात्र वाटलं की हा माणूस आता परत येणार नाही, सयाजीला बघितल्यावर कसा येईल? आणि मला बरं वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. मी दोनदा दारात जाऊन आलो.

दुपारी ते आले. नेहमीसारखे पाय धुतले. पिशवी उचलून म्हणाले, "तात्या, येतो आता." हे ते रोज म्हणतात, पण आज माझ्याकडं बघून म्हणाले. सगळं घर अक्काकडं बघायला लागलं. ती चुलीपुढनं उठली नाही. मग आतून आवाज आला, "एवढ्या उन्हाचं कुठं?" त्यांनी पिशवी खाली ठेवली.

त्यानंतर अक्का भांडी घासायला बसली, ती तिन्हीसांजेपर्यंत घासतच होती. एकच ताट. तिच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. संध्याकाळी त्याच ताटात तिनं पावण्याला वाढलं. पांढरा रस्सा.

आता तुझ्याकडं वळतो. पावण्याच्या पित्ताबद्दल मी तुला एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. मलाच ते ठाऊक नव्हतं. तुझं पत्र आल्यावर मी त्यांना विचारलं, "तांबड्यानं तरास होतोय का?" तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाले, "कसं वळखलंसा?" वर गवत आणि आत दुसराच माल, अशा गाड्या मी ताडपत्री न सोडता ओळखायचो. तुझं मागचं पत्र तसल्या गाडीसारखं आहे, वर सगळं शास्त्रच शास्त्र.

अक्कानं आणि सयाजीनं बाहेरून बघितलं आहे. आत काय आहे ते तुला ठाऊक आहे. आता ताडपत्री सोड. सयाजी अजून कट्ट्यावरच आहे. तू खूण केलीस तर पावणं आजही एस.टी.त बसतील, आणि नाही केलीस तर का नाही ते मला कळलं पाहिजे.

तात्या

—

परळ
१२ डिसेंबर १९८६

ती. तात्या,

ते आकाराम गुरुजी आहेत. नेसरीचे, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा प्रसेनजित माझ्याबरोबर याच प्रयोगशाळेत काम करतो. मला त्याच्याशी लग्न करायचं आहे.

दोन वर्षं हे वाक्य मी तुम्हाला लिहीत होते आणि फाडत होते. आई-बाबा गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत, मुलगी शास्त्रज्ञ होणार म्हणून पेठेत भांडलात. ते बौद्ध आहेत हे कळल्यावर तुमचा चेहरा कसा होईल, तेवढंच डोळ्यांपुढं यायचं. मला भीती वाटली तात्या, आणि मी गप्प बसले. दुसरं काही कारण नाही.

बटण बघताक्षणी मी ओळखलं. त्याला चार भोकं आहेत आणि दोरा तीनच भोकांतून घेतलाय. प्रसेनजितच्या सगळ्या शर्टांची बटणं तशीच आहेत. त्याची आई होती तोवर चारही भोकं शिवलेली असायची. ती गेल्यावर गुरुजी स्वतः शिवायला लागले आणि चौथं मोकळं ठेवतात. का, विचारलं तर म्हणतात, घरात बाईमाणूस येईल ती शिवेल. मी त्या बटणाकडं बघत प्रयोगशाळेत रडले, आणि प्रसेनजित ताटलीवरचं 'इंगवले, शुक्रवार पेठ' वाचत बसला. गुरुजी इतके दिवस आपल्या घरात आहेत हे त्यालाही तेव्हाच कळलं. त्यांनी सांगितलं होतं, बहिणीकडं कुरुंदवाडला जातो. प्रसेनजितनं त्या आत्याला विचारलं तेव्हा कळलं, गुरुजींच्या मनात एवढंच होतं की मुलीचं घर रस्त्यावरून एकदा बघायचं आणि परत जायचं. मग अक्कानं हाताला धरलं. त्यांनी मग कुरुंदवाडच्या बहिणीलाही निरोप धाडला म्हणे, की माझ्या नावानं कुणी विचारलं तर मी तिथंच आहे म्हणून सांग. पत्रही तिच्याकडूनच टाकून घेतात. आपल्या घरातून बाहेर कसं पडावं हे त्यांना अजून सुचलेलं नाही, आणि कशाला आलो हे कुणी विचारत नाही म्हणून सांगता येत नाही.

आणखी एक सांगते. मागच्या वर्षी आम्ही गंमत म्हणून त्याच्या टी पेशी आणि माझ्या बी पेशी एका बशीत घातल्या. धनुर्वाताचा तुकडासुद्धा ठेवला नव्हता. तरी त्याच्या पेशी माझ्या पेशींच्या ताटलीवरचं नाव बघूनच खवळल्या. तुकडा बघायलाही तयार नाहीत, नुसत्या ताटलीवर राग. आठवडाभर नुसती मारामारी. प्रसेनजित म्हणाला, बघ, पेशींना मान्य नाही. मी म्हटलं, पेशींचं ऐकायचं तर माणसानं आपल्या रक्ताबाहेर कुणाशी लग्नच करू नये.

तुम्ही मला मदतनीस पेशी केलंत. मग माझी खूण ऐका. तुमच्या ताटलीत आलेला तुकडा मी ओळखला आणि तो आपला आहे. परका नाही. मला एवढंच माहीत आहे. गुरुजींना एस.टी.त बसवायचं असेल तर बसवा, पण मग मलाही त्याच एस.टी.त बसवल्यासारखं होईल.

तुम्ही रागावलात तरी लिहा. न लिहिलेलं मला सहन होणार नाही.

तुमची,
सरू

—

कोल्हापूर
१८ डिसेंबर १९८६

चि. सरू,

या वेळचं पत्र मी पावण्याला वाचून दाखवलं नाही.

राग आला होता. आधी त्यांच्यावर आला, मग स्वतःवर, पण जास्त तुझ्यावर. दोन वर्षं माझ्या नाकाखालून माल गेला आणि मला पत्ता नाही. आणि लोक बोलतील सरू. दुसऱ्याच्या घरी असं झालं असतं तर मीच कट्ट्यावर बसून बोललो असतो, हे तुला लिहितो म्हणजे माझी झोप का उडाली ते कळेल.

मग अक्काला सांगितलं. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरगं पगाराचं हाय का?" मी म्हटलं, हाय. "दारू?" म्हटलं, सरू असल्या माणसाजवळ उभी राहणार न्हाय. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

मला राहवेना. काल दुपारी जेवताना मी ठरवलं की आता विचारून टाकायचं. त्यांच्या तोंडून ऐकायचं, मग हो की नाही ते बघू. खाकरलो. म्हटलं, "पावणं, एक इचारायचं हुतं."

अक्कानं पळी पातेल्यावर आपटली. "काय इचारायचं ते दारात इचारायचं असतंय. मी ह्यांस्नी आत घेतलं तवा तू कुठं गेलतास?"

"जिलबीवाल्याकडं."

"मग आता गप जेव. दारात इचारलं न्हाय, आता माझ्या घरात ज्यानं महिनाभर खाल्लं त्याला मी कुणाला काय बी इचारू देणार न्हाय. तू कोण, कुठला, कुणातला, कायबी न्हाय."

पावण्याचा हात ताटात थांबला. त्यांनी वर बघितलं. "अक्का, मला बी एक सांगायचं हुतं," म्हणाले.

"तुमी बी जेवा," अक्का म्हणाली आणि त्यांना पांढरा वाढला.

ते हसायला लागले. महिन्याभरात पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं. हसता हसता डोळे पुसायला लागले, तर पुसायच्या नादात शर्टाची टाचणी निघाली आणि ताटात पडली. मग मीही हसलो. सयाजी बाहेरून धावत आला, त्याला वाटलं सूचना मिळाली. त्यालाही अक्कानं वाढलं.

तेव्हा परिस्थिती अशी आहे. ते कोण आहेत हे मला ठाऊक आहे, अक्काला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. पण घरात विचारायची बंदी आहे आणि सांगायचीही बंदी आहे. मागणी घालायला माणूस घरात बसलेला आहे आणि त्याला तोंड उघडता येत नाही. अक्का रोज त्यांना थांबवते, आता तर मनापासून. हे असं फार दिवस चालणार नाही.

म्हणून तू ये. त्या मुलाला घेऊन ये. दुपारच्या वेळी या, उजेडात, गल्ली जागी असताना. मी दारात उभा राहीन आणि या वेळी चूक होऊ देणार नाही. मी मोठ्यानं विचारणार, "कुठलं पावणं?" आणि त्यानं ठणठणीत सांगायचं: नेसरीचा, आकाराम गुरुजींचा प्रसेनजित. समोरच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. नाव खालच्या आवाजात सांगितलं तर मी परत विचारीन. एकदा दारात विचारून आत घेतला की मग पुढचं अक्का बघून घेईल, तिच्या घरात विचारायची कुणाची छाती नाही.

मी काही कबूल केलं असं समजू नकोस. मी फक्त या म्हटलं आहे.

येताना ताटली आठवणीनं आण. अक्का पंगतीला ताटं मांडते तेव्हा एक कमी पडतं आणि ती माझ्या नावानं बोटं मोडते. बटणही आण. सदरा आपल्या दोरीवर वाळत घातलेला आहे. सुईदोरा अक्कानं काढून ठेवला आहे.

तुझा,
तात्या